उथळ पाण्यातलं जहाज

वडपे, ता. भिवंडी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. बाय,

तुझा मेसेज वाचला आणि काठी घेऊन बाहेर पडलो. समोरच्या गोदामाच्या भिंतीकडेने पावलं मोजत चाललो. माझ्या वयाला पाऊल सत्तर सेंटिमीटरचं पडतं, म्हणजे एकशे दहा पावलांत ७७ मीटर झाले. तिथं विटेचा तुकडा ठेवला आणि मान वर केली, तर गोदाम अजून पुढे तेवढंच उरलेलं. वॉचमन धावत आला, "काका, काय हरवलं?" आता त्याला काय सांगू, की नातीने जहाज लहान असल्याची तक्रार केली आहे म्हणून!

तुझं खरं आहे. 'आयएनएस अर्नाळा' आपल्या वडप्याच्या एका गोदामात आडवी मावेल. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आल्यापासून नाक्यावर चाळीस फुटी कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागते, त्यातले पाच ट्रेलर एकामागे एक उभे केले की झालं तिची लांबी. याच वर्षी जानेवारीत मुंबईत नौदलात दाखल झालेली माझगाव गोदीची 'सुरत' तिच्या दुपटीहून लांब आणि सात हजार टनांहून जड आहे. पेपरात फोटो कोणाचा मोठा येणार हे सांगायला नको. तू लिहिलंस, "याला युद्धनौका म्हणायचं की मोठी होडी?" प्रश्न उर्मट आहे, पण चांगला आहे. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं तर मेसेजच केला असता. पत्र लिहितोय ते त्यासाठीच.

जहाजाची ओळख करून घेताना लांबी सगळ्यात शेवटी विचारावी. आधी विचारावं, पाणी किती लागतं? म्हणजे तरंगताना तळ पाण्याखाली किती जातो. गोदीत आम्ही ड्राफ्ट म्हणायचो. काल्हेरच्या खाडीत माझ्या मामाची रेतीची होडी होती. मामाला वाचता येत नव्हतं, पण हातात एक लांब बांबू असायचा. तो पाण्यात खुपसायचा, वर काढायचा आणि ओल कुठवर आली ते पाहून होडी पुढे न्यायची की थांबायचं ते ठरवायचा. रेती भरलेली होडी ओहोटीत गाळावर बसली, की पुढची भरती येईपर्यंत भात शिजवून खायचा आणि झोपायचं. मामाचं सगळं शास्त्र त्या बांबूवर होतं.

आता अर्नाळ्याचा बांबू बघ. तिचा ड्राफ्ट साधारण २.७ मीटर, म्हणजे आपल्या ओटीच्या जमिनीपासून स्लॅबपर्यंत जेवढी उंची तेवढाही नाही. 'सुरत'सारख्या विनाशिकेला सहा मीटरहून जास्त पाणी लागतं, आणि तळाला घासू नये म्हणून खाली आणखी हातचं राखावं लागतं ते वेगळं. म्हणून मोठं जहाज किनाऱ्यापासून लांब राहतं. पण आपला किनारा असा आहे की मुंबईसमोर समुद्र शेकडो किलोमीटर उथळ पसरलेला, शंभर मीटरच्या आतबाहेर. त्याही अलीकडे खाड्यांची तोंडं, वाळूचे दांडे, मच्छीमारांची जाळी, खडक. तिथं शत्रूची छोटी पाणबुडी येऊन गाळावर गप्प बसली तर तिला शोधायला कोण जाणार? या एका कामासाठी ही जहाजं बांधली आहेत. सरकारी नाव लांबलचक आहे, आपण त्यांना उथळ पाण्यातली पाणबुडीविरोधी जहाजं म्हणू. एकूण सोळा. आठ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे दिली आणि आठ कोचीच्या गोदीकडे. करार झाला एप्रिल २०१९ मध्ये. अर्नाळा कोलकात्याच्या वाट्यातली पहिली, पण ती बांधली गेली चेन्नईजवळ कट्टुपल्लीला, एल अँड टीच्या गोदीत. १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला ती नौदलात आली. कोचीची पहिली 'माहे', ती गेल्याच महिन्यात २४ तारखेला आपल्या मुंबईत आली. तिची एक बहीण 'मालवण' नावाची आहे, २०२३ मध्ये पाण्यात उतरली.

नाव अर्नाळा का, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण तुझ्या आईचं माहेर त्याच तालुक्यात आहे. वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथं, वसई तालुक्यात, अर्नाळ्याचं बेट आहे. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांनी घेतलं आणि किल्ला बांधला. दोन वर्षांनी वसई पडली. नदीच्या तोंडावर बसून आत-बाहेर जाणाऱ्यावर नजर ठेवणं, एवढंच त्या किल्ल्याचं काम होतं. जहाजाचंही तेच. जहाजाच्या चिन्हावर शंख आहे आणि खाली ब्रीद आहे, 'अर्णवे शौर्यम्'. याच नावाचं एक सोव्हिएत बनावटीचं जहाज आधी नौदलात होतं, ते १९९९ साली निवृत्त झालं. नाव नवं नाही, घर नवं.

आता थोडं मागे जातो. कंटाळा आला तर चहा करून ये, पण वगळू नकोस.

तुम्हा पोरांना वाटतं, भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि वडपे म्हणजे गोदामं. पण मराठ्यांचं आरमार सुरू झालं ते इथल्या खाडीत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि लगेच जहाजबांधणीला हात घातला. पाठीशी सह्याद्रीचं सागवान, पुढे खाडी. १६५९ च्या पोर्तुगीज कागदांत या कामाचा उल्लेख आहे. सुमारे वीस लढाऊ नौका बांधायला घेतल्या होत्या आणि रुई लैताव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आपल्या मुलासह, माणसं घेऊन, या कामावर होता. खाडी समुद्राला मिळते वसईला आणि वसई पोर्तुगीजांची. ही जहाजं उद्या आपल्याच दारावरून जाणार, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी निरोप पाठवले, आणि व्हिएगश व त्याची माणसं एक दिवस गुपचूप काम सोडून निघून गेली.

शाळेत हे शिकवतात की नाही मला ठाऊक नाही. मी गोदीत चाळीस वर्षं काढली, म्हणून मला त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं फार वाटतं. फळ्या चढवलेल्या, सांधे अर्धे भरलेले आणि ज्याला पुढचं माहीत तो माणूसच नाही. तरी काम थांबलं नाही. इथल्याच सुतारांनी, कोळी-भंडाऱ्यांनी ते उचललं. त्यांची नावं कुठल्याही कागदात नाहीत.

आणि त्यांनी बांधलं काय? गलबतं, गुराबा, मचवे. उथळ पाण्यात चालणारी, वल्ह्यांवरही पळणारी. १६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचं खांदेरी बेट ताब्यात घेतलं, तेव्हा इंग्रजांनी त्याला वेढा घातला. त्यांच्या 'रिव्हेंज'वर तोफा जास्त, शिडं उंच. पण बेटाभोवती खडक आणि उथळ पाणी. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री रसद घेऊन बेटावर पोचायच्या आणि इंग्रजांना त्या हाताला लागायच्या नाहीत. ऑक्टोबरात दर्या गाजला, इंग्रजांची 'डव्ह' मराठ्यांनी पकडली, नंतर आपलं आरमार नागोठण्याच्या खाडीत शिरलं. मोठ्या जहाजाला तिथं आत जाणं अवघड. बेट शेवटी मराठ्यांकडेच राहिलं. मामाचा बांबू तिथंही जिंकला असं मी म्हणतो, इतिहासकार हसले तर हसू देत.

पण लहान जहाज म्हणजे शूर जहाज, असा समज करून घेऊ नकोस. लहान जहाज बुडतंही लवकर.

डिसेंबर १९७१ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा, मी सोळा वर्षांचा होतो. दिव्यांच्या काचांना काळा कागद लावलेला, संध्याकाळ झाली की चुलीचा जाळही आड करायचा. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर जाऊन आल्या. मुळात बंदराच्या राखणीसाठी बनवलेल्या या नौका, त्यांनी दुसऱ्याचं बंदर पेटवलं. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो, नुकताच झाला. पण पाचच दिवसांनी, ९ तारखेला संध्याकाळी, दीवच्या बाहेर आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने पाणतीर मारला. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. रेडिओवर कळलं तेव्हा माझ्या वडलांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. ते मुंबईत बंदरावर हमाली करत, त्यांनी नौदलाची पोरं धक्क्यावर पाहिली होती.

खुकरी पाणबुडीच्याच शोधात निघाली होती. शोधणाऱ्याआधी लपलेल्याला ऐकू आलं. पाण्याखालच्या लढाईत आधी कोणाला ऐकू येतं यावर सगळं ठरतं. म्हणून अर्नाळ्याचं खरं हत्यार तिच्या डेकवर दिसत नाही, ते तळाला आहे आणि मागच्या बाजूला आहे. ते आहेत तिचे कान.

पाण्यात रडार चालत नाही, आवाज चालतो. जहाज 'टिंग' असा आवाज सोडतं, तो कशावर आदळून परत आला की अंतर आणि दिशा कळते. हा सोनार. खोल समुद्रात हे त्या मानाने सोपं. उथळ पाण्यात मात्र आवाज तळावर आपटतो, वर लाटांवर आपटतो, पुन्हा खाली, आणि एका टिंगचे शंभर टिंग होऊन परत येतात. भरलेल्या गोदामात आणि रिकाम्या गोदामात टाळी वाजवून बघ, रिकाम्यात आवाज कसा घुमतो. त्यात वरून ट्रॉलरची इंजिनं धडधडतात. समुद्रात कोळंबीची एक जात आहे, ती नांगी आपटून टच-टच आवाज काढते, हजारोंनी असली की कढईत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. या सगळ्या बाजारात पाणबुडीचा एक आवाज निवडायचा.

आणखी एक गंमत. उन्हाने वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं. गरम-गारच्या सीमेवर आवाज वाकतो. शहाणा पाणबुडीवाला त्या सीमेच्या खाली बसतो, आणि वरच्या जहाजाचा आवाज त्याला चुकवून जातो. म्हणून अर्नाळ्याला दोन सोनार आहेत. एक तळाला पक्का बसवलेला. दुसरा केबलला बांधून मागून पाण्यात सोडायचा, हवा तेवढा खोल, म्हणजे कान त्या सीमेखाली नेऊन ऐकायचं. त्याचा सूर ढाला आहे, म्हणून तो लांब जातो. विहिरीत पडलेली घागर शोधायला दोरीला गळ बांधून सोडतात, तसाच हा प्रकार, फक्त गळाऐवजी कान. आपल्या नौदलाचे सोनार कोचीच्या एनपीओएल या संस्थेत घडतात. इंजिनिअर व्हायचं म्हणतेस ना, त्या संस्थेचं नाव वहीत लिहून ठेव.

सापडल्यावर मारायचं कशाने? हलके पाणतीर, पाणबुडीवर डागायची रॉकेट, आणि वेळ पडली तर पाणसुरुंग पेरायची सोय. वर एक ३० मिलिमीटरची तोफ, ती बोटी-बिटींसाठी. माणसं एकूण सत्तावन्न, त्यात सात अधिकारी. एवढ्या माणसांत चोवीस तास पहारा, इंजिन, स्वयंपाक, सगळं.

चोर पकडायला निघालेल्याने स्वतःच्या वहाणा वाजवून चालत नाही. म्हणून हे जहाज आतून गप्प ठेवावं लागतं. जनरेटर आणि पंप रबरी बैठकींवर बसवतात, पाइप जिथं भिंतीतून जातो तिथं धातूला धातू लागू देत नाहीत. गोदीत आमचा एक चार्जमन होता, तो रात्री दिवे घालवून पत्र्याला कान लावून बसायचा. कुठला तरी पाइप क्लँप सैल आहे असं म्हणायचा आणि तो खरंच सैल निघायचा. पुढे मोजायची यंत्रं आली, तरी त्याला बोलावलं जायचं.

आता चालण्याचं बघ, कारण तुझ्या मेकॅनिकलच्या डोक्याला हे आवडेल. अर्नाळ्याला पंखा नाही. पंखा लावला तर तो तळाच्या खाली जातो, सुकाणूही खाली जातं, आणि ड्राफ्ट वाढतो. त्याऐवजी तीन वॉटरजेट आहेत. आपल्या शेतातला पंप आठव. तळाला तोंड आहे, तिथून पाणी आत खेचायचं, डिझेल इंजिनावर चालणाऱ्या पंपाने दाबायचं आणि मागून जोरात फेकायचं. पाणी मागे गेलं की जहाज पुढे. मागचं तोंड डावी-उजवीकडे वळवलं की जहाज वळतं, तोंडावर वाडग्यासारखी झापड पाडली की पाणी उलट येतं आणि जहाज थांबतं. डिझेल आणि वॉटरजेट या जोडीवर चालणारं एवढं मोठं जहाज आपल्या नौदलात याआधी नव्हतं. वेग २५ नॉट, म्हणजे ताशी सेहेचाळीस किलोमीटर. नाक्यावरच्या ट्रॅफिकपेक्षा जास्तच. पण फुकट काही मिळत नाही. सावकाश चालताना पंख्यापेक्षा वॉटरजेट जास्त तेल पितो. आणि तोंडाला जाळी असली तरी आपल्या समुद्रातलं प्लॅस्टिक आणि तुटकी मच्छी-जाळी तिथं येऊन अडकणार. मी तर म्हणतो, या जहाजाचा पाणबुडीखालोखाल शत्रू म्हणजे आपण खाडीत टाकतो ती पिशवी.

आता माझ्या प्रांतात येतो. मी प्लेटर होतो, हे तुला माहीत आहे. प्लेटर म्हणजे काय हे माहीत नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. पोलादाच्या पत्र्याला आकार देऊन जागेवर बसवणारा तो प्लेटर, जोडणारा तो वेल्डर, उचलून आणणारा तो खलाशी. समुद्रावरचा नव्हे, गोदीतला खलाशी. साखळी, शॅकल आणि तोंडातली शिट्टी घेऊन फिरायचा. मी गोदीत शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा मोल्ड लॉफ्ट होतं. लाकडी जमिनीचं भलंमोठं सभागृह, तिथं जहाजाच्या रेषा खऱ्या मापाने जमिनीवर काढायच्या. आम्ही बूट काढून आत जायचो. आता ते सगळं कॉम्प्युटरात गेलं, पत्रा मशीन कापतं, आणि जहाज ब्लॉकमध्ये बनतं. म्हणजे तुकडे आधी जमिनीवर, उलटे ठेवून, आत पाइप-केबलसकट तयार करायचे आणि मग जोडायचे. उलटे का? कारण खाली बघून वेल्डिंग सोपं, डोक्यावर बघून अवघड. ठिणगी मानेवर पडते. माझ्या मानेवर पाच डाग आहेत, लहानपणी तू मोजले होतेस.

लोकांना वाटतं, मोठं जहाज बांधणं कठीण, लहान सोपं. उलट आहे पोरी. मोठ्या जहाजाचा पत्रा जाड. छोट्या, वेगवान जहाजाचं वजन वाचवायचं म्हणून पत्रा पातळ, पाच-सहा मिलिमीटर. पातळ पत्र्याला वेल्डिंगची आच लागली की तो आखडतो, फुगतो, आणि दोन बरगड्यांच्या मधे आत बसतो. लांबून बघितलं तर जहाज उपाशी घोड्यासारखं दिसतं, बरगड्या मोजता येतील असं. एकदा माझ्याच हातून झालं. एका गस्ती नौकेची बाजू होती. मधून सुरू करून दोन्हीकडे, आलटून-पालटून, थोडं थोडं करत जायचं, हा क्रम. शनिवार होता, मला कसाऱ्याची गाडी पकडायची होती. वेल्डरला म्हटलं, सरळ मारत जा. सोमवारी येऊन पाहिलं तर पत्र्यात अशी लाट, की उन्हात समुद्र दिसावा. पुढचे दहा दिवस मी तो पत्रा सरळ करत होतो. गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, लगेच पाणी मारायचं, पुढचा ठिपका. फोरमन काही बोलला नाही, रोज येऊन फक्त माझ्याशेजारी दोन मिनिटं उभा राहायचा. त्यापेक्षा शिवी बरी.

अर्नाळ्याचं पोलाद स्टील अथॉरिटीच्या बोकारो, भिलाई आणि राउरकेला या कारखान्यांतून आलं. युद्धनौकेचं पोलाद आपल्याकडे बनत नव्हतं तेव्हा आम्ही परदेशी पत्र्याची वाट बघत महिनेच्या महिने बसलेलो आहोत. म्हणून ही बातमी मी दोनदा वाचली.

वजनाचं अजून एक सांगतो. जहाज बांधून होत आलं की ते तोलून बघतात. हजार टनांचं जहाज काट्यावर कसं ठेवणार? आत ओळंबा सोडतात. गवंडी वापरतो तोच ओळंबा, फक्त लांब दोरीचा. शांत पाण्यात, वारा नसताना, पहाटे. मग मोजलेली वजनं डेकच्या डाव्या बाजूहून उजवीकडे सरकवायची. जहाज किंचित झुकतं, ओळंबा पट्टीवर काही मिलिमीटर सरकतो. त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य किती उंचावर आहे ते काढतात. तो ठरल्यापेक्षा वर गेला तर वादळात जहाज उलटू शकतं. त्या वेळी कोणालाही इकडून तिकडे चालू देत नाहीत. कॅप्टन असो की मी, जागेवर पुतळा. मला शिंक आली होती, ती मी कशी दाबली ते मलाच ठाऊक.

आणि जलावतरण! टीव्हीवर तेवढंच दाखवतात. प्रमुख पाहुण्या बाई अथर्ववेदातल्या मंत्रांच्या गजरात जहाज पाण्यात सोडतात, टाळ्या होतात. आमच्या वेळी उतारावर चरबी लावलेली असायची, आधाराचे ठोकळे काढत आणायचे आणि शेवटचा निघाला की जहाज स्वतःच सुटायचं. पोटात गोळा येतो त्या क्षणी. कट्टुपल्लीला शिपलिफ्ट आहे, जहाज लिफ्टमध्ये बसून खाली पाण्यात उतरतं, सभ्य माणसासारखं. पण त्या दिवशी जहाज पूर्ण झालेलं नसतं, हे कोणी सांगत नाही. अर्नाळा पाण्यात उतरली २० डिसेंबर २०२२ ला, आणि नौदलाच्या ताब्यात गेली ८ मे २०२५ ला. मधली सव्वादोन वर्षांहून जास्त मुदत कशात गेली? किलोमीटर-किलोमीटर केबल, पाइपांच्या दाबाच्या चाचण्या, यंत्रं सरळ रेषेत आणणं, बंदरातल्या चाचण्या, समुद्रातल्या चाचण्या, परत येऊन दुरुस्ती, पुन्हा चाचणी. जहाज बांधतात ते या वर्षांत. फोटो नसलेल्या.

करारापासून धरलं तर सहा वर्षं लागली. उशीर झाला. मधे कोविड होता, पण तेवढंच कारण सांगून मी गोदीवाल्यांना सोडणार नाही, कारण मी त्यांच्यातलाच आहे. आपल्याकडे आराखडा पक्का व्हायच्या आधी पत्रा कापायची घाई असते आणि मग बदल होत राहतात.

दुसरी उणीव तुला सांगायलाच हवी, नाहीतर म्हणशील आजोबा कौतुकच करतात. नौदल सांगतं, या जहाजात ८० टक्क्यांहून जास्त सामान देशी आहे, आणि लहान-मध्यम अशा पंचावन्नहून अधिक कारखान्यांनी त्यात हातभार लावला. मला ते खरंच भारी वाटतं. पण उरलेले टक्के कुठले, ते विचारत जा. जहाजाला लागणारी मोठी डिझेल इंजिनं घडवण्यात आपण अजून मागे आहोत. याच वर्षी एप्रिलमध्ये संरक्षण खात्याने तुमच्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला सहा मेगावॉटच्या सागरी इंजिनाचा नमुना बनवायला मंजुरी दिली. खर्च २७० कोटी, त्यातले सत्तर टक्के सरकारचे. त्या नमुन्यातही निम्म्याहून थोडं अधिक देशी, एवढंच ठरलंय. व्हिएगश काम सोडून निघून गेला ती सकाळ मला इथं आठवते. कळीचं काम ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीवर आपलं जहाज.

आणि एकट्याने फिरायचं हे जहाज नव्हे. वरून विमान आलं तर ३० मिलिमीटरची तोफ किती पुरणार? ती किनाऱ्याच्या छायेत, विमानांच्या आणि मोठ्या जहाजांच्या आसऱ्याने काम करणार. 'सुरत' बाहेर उभी, म्हणून अर्नाळा आत शोधू शकते. अर्नाळा आत शोधते, म्हणून 'सुरत' बंदरातून निर्धास्त बाहेर पडू शकते. तू दोघींची तुलना केलीस ती नांगराची आणि विळ्याची तुलना आहे. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, युद्धनौका म्हणायचं. आणि होडी म्हटलीस तरी मला राग नाही, मामाची होडीच होती.

तू शेवटी लिहिलंस की नेव्हल आर्किटेक्चरला जावं की कॉम्प्युटरला, कळत नाही. मी सांगणार नाही. तुझी आई माझ्याशी भांडेल. फक्त एक कर. कुठल्याही वर्कशॉपमध्ये आठवडाभर पातळ पत्र्यावर वेल्डिंग करून बघ. पत्रा वाकेल. तो का वाकला हे शोधायला रात्री झोप उडाली, तर मग मला फोन कर.

नाताळच्या सुट्टीत येशीलच. एक दिवस मला दे. विरारहून एसटीने अर्नाळ्याला जाऊ, किनाऱ्यावरून होडीने किल्ल्यावर. होडी काठाला लागत नाही, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढावं लागतं, तेव्हा बूट घालून येऊ नकोस. कॅलेंडरात भरती-ओहोटी पाहून ठेव आणि मीटरची टेप आण. मी बांबू घेतो.

तुझा,
आजोबा

ता. क. गोदामापाशी ठेवलेला विटेचा तुकडा हलवू नको म्हणून वॉचमनला सांगून ठेवलं आहे. आल्यावर तू स्वतः चालून बघ. तुझी पावलं शंभरच भरतील.